मावशी, फुफ्फुसाचा धडा एकदाचा रेकॉर्ड झाला!

प्रिय मावशी,

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, तुमची लेक वाचून दाखवेल आणि तुम्ही शिलाई मशीनवरून मान वर न करता "बरं बरं, पुढं" म्हणाल. पण मला हे सगळ्यांसमोरच लिहायचं होतं, कारण हल्ली जो तो विचारतो की तुझं रेकॉर्डिंग अचानक एवढं कसं सुधारलं, नवीन माइक घेतलास का, आणि मी दरवेळी सांगते की माइक तोच आहे, त्याला फक्त कपडे शिवून घेतले.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मी एका दृष्टिहीन मुलासाठी त्याची शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सगळं बरं चाललं होतं, मग विज्ञानात 'फुफ्फुस' आलं आणि माझी वाट लागली. दर वाक्यात फुफ्फुस, आणि दर फुफ्फुसाला दोनदा धप्प धप्प! प, फ, ब, भ म्हणताना मिटलेले ओठ उघडतात आणि हवेचा झोत सुटतो, तो सरळ माइकच्या आतल्या पातळ पडद्यावर जाऊन आदळतो, त्याचा हा धप्प. एरवी बोलताना कळतही नाही, पण हेडफोन लावून ऐकलं की कुणी उशीवर बुक्के मारतंय असं वाटतं.

मग मी आपला सुती रुमाल चार घड्या करून माइकवर बांधला. धप्प गेलं, पण सोबत स आणि श पण गेले, सगळा धडा रजईत तोंड घालून वाचल्यासारखा. त्याच वैतागात तुमच्याकडे आले आणि विचारलं की जुनी भरतकामाची रिंग आहे का, माइकपुढे कापड ताणून लावायचंय. कशाला, काय, माइक कसला, असलं काहीच न विचारता तुम्ही एकच विचारलंत, "हवा अडवायचीये का आवाज?" मी दोन मिनिटं गप्पच. एवढे व्हिडिओ बघितले होते पण हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता हो.

आणि मग तुम्ही जे केलंत ते मी आता प्रत्येकाला करून दाखवते. चिंध्यांच्या पिशवीतून एकेक तुकडा काढला, ओठांसमोर धरला, पलीकडे तळहात धरला आणि फुंकर मारली. घट्ट विणीचं सुती कापड, हाताला काहीच लागत नाही. मोठ्या भोकांची नेट, सगळा वारा आरपार. मग पायात घालायचा तो पातळ नायलॉनचा लांब मोजा ताणून धरलात आणि माझा हात पुढे घेतलात, वारा लागत होता पण पसरलेला, मऊ. "हे घे," म्हणालात. नंतर वाचलं तेव्हा कळलं की नेमकं हेच लागतं. आवाज म्हणजे हवेतली थरथर, ती त्या बारीक भोकांमधून जवळजवळ जशीच्या तशी पुढे जाते, पण वाहत येणारा झोत भोकाभोकांत फुटतो आणि त्याचा जोर मरतो. रिंगच्या दोन्ही बाजूंनी एकेक थर लावायचं पण तुम्हीच सुचवलंत, मध्ये फट राहते तर पहिल्या थरातून सुटलेला वारा दुसऱ्यात अडकतो. आता रिंग माइकपासून चार बोटं लांब, तोंड रिंगपासून तेवढंच लांब, आणि बोलायचं जरासं तिरकं. (मी रिंगमागे मेणबत्ती ठेवून ज्योत हलते का बघणार होते, तुम्ही काडेपेटीच काढून घेतलीत, "नायलॉन आहे बाई ते!" त्याबद्दल वेगळे आभार.)

इलास्टिकचं तर मी लिहिणारच नव्हते कारण त्यात माझीच फजिती आहे, पण असो. टेबलाला धक्का लागला की गुडगुड यायची म्हणून मी रुंद पाइपचा तुकडा कापून त्यात रबरबँडची जाळी केली आणि माइक मध्ये टांगला. आठवड्याभरात रबर तुटले आणि माइक खाली. तुम्ही दोरा गुंडाळलेलं गोल इलास्टिक दिलंत आणि माझी जाळी बघून हसलात, एवढी करकचून ताणल्यावर ती काठीच झाली की, धक्का जाणारच. बेताची सैल केल्यावर टेबलावरची खुडबुड खरंच बंद झाली. वर "ही वायर पण ताठ आहे" म्हणालात. खरंच, धक्का वायरवरूनही चढत होता! तिला एक सैल वेटोळं दिलं आणि मिटलं.

बाहेर रेकॉर्ड करायला केसाळ कव्हर हवं होतं, त्यात मी दिसायला सगळ्यात गुबगुबीत कापड आणलं. तुम्ही फुंकर मारलीत आणि परत दिलंत. केस छान, पण मागचा पाया जाड आणि चिकटवलेला, "ह्यातून वाराच जात नाही तर तुझा आवाज कुठून जाईल?" मग विरळ विणलेल्या पायाचं मिळालं आणि तुम्ही ते आत थोडी पोकळी ठेवून ढगळ शिवलंत. धुतल्यावर वाळवून केस विंचरायचे हे पण लक्षात आहे, केस चिकटले की वारा अडत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली होतीत आणि मी उडवून लावली होती, त्याची आज माफी मागते. माइक नीट दिसावा म्हणून मी त्याच्या मानेभोवती फोम लावून वरून टेप गुंडाळली होती, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ह्या फटी बुजवल्यास, त्या कशाला होत्या?" मी म्हटलं, असतील डिझाइनच्या. मावशी, त्या फटींमुळेच माइक फक्त समोरचं ऐकतो! मागून आलेला आवाज फटीतून आणि पुढून असा पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकदमच पोचतो आणि एकमेकाला खोडतो. फटी बंद केल्या की त्याला चारही बाजूंचं सारखंच ऐकू येतं, म्हणून माझ्या वाचनात सगळी खोली घुमत होती आणि मी उगाच भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवत बसले, ज्यांनी काही फरक पडला नाही. टेप काढली, पाठीमागे दोन जाड ब्लँकेटं टांगली, झालं.

धडा काल पाठवला. मुलाचा निरोप आला की ताई आता तुम्ही कानाजवळ बसून वाचताय असं वाटतं. हे तुमच्या लेकीला दोनदा वाचायला सांगा.

आणि हो, जाळीचं डावीकडचं इलास्टिक परत ढिलं पडलंय, माइक जरा कलतो. मी रविवारी घेऊन येते, तोवर तो तुकडा चिंध्यांच्या पिशवीत शिल्लक असेल तर बाजूला काढून ठेवा ना.

तुमची,
माइकवाली