क्लिनिकच्या दाराला कुलूप: कायदामंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय कायदा व न्याय मंत्री,
स.न.वि.वि.

मंत्रीसाहेब, मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दर शनिवारी कॉलेजच्या मोफत विधी सहाय्य केंद्रात बसते. आम्ही त्याला क्लिनिकच म्हणतो, त्यामुळे सुरवातीला एक आजोबा बीपी तपासून घ्यायला आले होते, ते जाऊ दे.

बसते म्हणजे काय करते, तर कागद वाचते. लोक पिशवी घेऊन येतात, त्यात समन्स, जुनी नोटीस, लाइटबिल, लग्नपत्रिका सगळं एकत्र, आणि बऱ्याच जणांना फक्त एवढंच हवं असतं की यात काय लिहिलंय ते कुणीतरी सरळ सांगा आणि तारखेला गेलो नाही तर काय होईल ते सांगा. मला कोर्टात उभं राहता येत नाही, वकीलपत्र घेता येत नाही, वकिलीची सनदच नाही अजून, आणि ते योग्यच आहे, अर्धवट शिकलेल्या पोरांच्या हातात कुणाची केस देऊ नये. पण कागद वाचणं, अर्जाचा मसुदा करणं, मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसपर्यंत सोबत जाणं एवढं आम्ही करतो आणि त्यानेही बराच फरक पडतो.

मागच्या वर्षी एक ताई आल्या, पोटगीची केस. त्या आधी एका ऑफिसात मोफत वकील मागायला जाऊन आल्या होत्या, तिथे त्यांना उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून परत पाठवलं, दाखल्यासाठी दोन खेपा, प्रत्येक खेपेला कामावर खाडा, आणि मग त्यांनी नादच सोडला. आता साहेब, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तुम्हाला मी काय सांगणार, पण त्यात बाई किंवा मूल असेल तर तेवढंच पुरतं, उत्पन्न किती ते विचारायचंच नाहीये. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं, कामगार यांचंही तसंच. उत्पन्नाची अट लागते ती यातल्या कशातच न बसणाऱ्यांना, आणि त्यांनाही कलम 13 प्रमाणे साधं अ‍ॅफिडेव्हिट चालू शकतं, ते खोटं वाटायला काही कारण असेल तर गोष्ट वेगळी. हे मी त्या ऑफिसात पुस्तक उघडून दाखवलं तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, मॅडम आमच्याकडे फॉर्मला दाखला जोडायची पद्धत आहे. पद्धत! शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि वकील मिळाला.

इथपर्यंत गोष्ट छान आहे, कॉलेजच्या रिपोर्टमध्येही इथपर्यंतच छापून आली, फोटोसकट.

पुढचं छापलं नाही ते मी लिहिते. परीक्षा लागली आणि क्लिनिक बंद झालं. परीक्षा, मग सुट्टी, मग इंटर्नशिप, सगळं मिळून दोन महिन्यांच्या वर दाराला कुलूप. त्या मधल्या काळात वकीलसाहेब बदलले, नवीन वकिलांचा नंबर ताईंकडे नव्हता, तारीख बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही. त्या क्लिनिकवर येऊन कुलूप बघून गेल्या, दोनदा. तारखेला कुणीच हजर नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. त्यांची फाइल कुठे होती माहितीये? माझ्या कपाटात, कॉन्ट्रॅक्टच्या नोट्सखाली. घरी नीट वाचते म्हणून नेली होती आणि कुणाकडे द्यायची हे ना मला कळलं ना कुणी विचारलं. ही चूक माझी आहे, ती मी सिस्टिमवर ढकलत नाहीये. पण दरवर्षी नवीन बॅच येते आणि दरवर्षी कुणाच्या तरी कपाटात कुणाची तरी फाइल राहत असणार, हेही तितकंच खरं.

संविधानात मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39-अ 1976 च्या दुरुस्तीने आलं, कायदा 1987 चा, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला, तो दिवस आम्ही रांगोळी काढून साजरा करतो. 1986 मध्ये सुक दासच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा मोफत वकिलाचा हक्क जात नाही. ती केस फौजदारी होती, मान्य, पण न मागणाऱ्याचाही हक्क शाबूत राहतो असं वर्गात शिकायचं आणि इथे मागून, भांडून मिळवलेला वकील आमच्या टाइमटेबलमुळे हातचा जातो हे बघायचं, याचं काय करायचं?

तुम्ही म्हणाल कॉलेजने बघावं. पण लॉ कॉलेजातली विधी सेवा केंद्रं उभी करायला उत्तेजन देणं आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणं हे कलम 4 मध्ये केंद्रीय प्राधिकरणाचं, म्हणजे नाल्साचं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) काम म्हणून लिहिलेलं आहे, आणि नाल्साला अनुदान केंद्र सरकार देतं. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मागणं मोठं नाहीये. प्रत्येक कॉलेज क्लिनिकला एक माणूस द्या जो बारा महिने तिथे असेल, प्रशिक्षण घेतलेला विधी स्वयंसेवक चालेल, पण त्याला नीट मानधन द्या आणि ते वेळेवर द्या, फुकटात कुणी वर्षभर कुलूप उघडत नाही. त्याच्याकडे एक रजिस्टर, त्यात पक्षकार, वकील, पुढची तारीख, आणि वकील बदलला की प्राधिकरणाने क्लिनिकला कळवायचं. फाइल घरी न्यायची नाही, हा नियम माझ्यासारख्यांसाठी. आणि उत्पन्नाच्या दाखल्याचं एकदा लेखी परिपत्रक काढायला सांगा, सोप्या भाषेत, काउंटरच्या बाहेर लावायचं, आत नाही. बाकी शिबिरं आणि रॅल्या कमी झाल्या तरी चालतील, खरंच. 15100 हा विधी सहाय्याचा हेल्पलाइन नंबर सगळ्या पोस्टरवर आहे पण फोनवर पिशवीतले कागद वाचून घेता येत नाहीत.

ताईंचा अर्ज कोर्टाने परत बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, घ्यावा म्हणून आम्ही नवीन वकीलसाहेबांना भेटलो, ते चांगले निघाले, उशिराचं कारण लिहिताना त्यांनी क्लिनिक बंद होतं असंच लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. आता पुढची तारीख लागलीये. त्या दिवशी सकाळी अकराला माझा पेपर आहे. मैत्रिणीचा पेपर आदल्या दिवशी संपतोय, फाइल तिच्याकडे दिलीये आणि ताईंना तिचा नंबर लिहून दिलाय, मोठ्या अक्षरात.

आपली,
क्लिनिकमध्ये शनिवारी बसणारी एक विद्यार्थिनी