वाचनालयांना कात्री नको

महोदय,

अंदाजपत्रकात तूट दिसली की नगरपालिकांची पहिली कात्री वाचनालयावर चालते, कारण तिथे आरडाओरडा करणारे कंत्राटदार नसतात. आधी ग्रंथखरेदी थांबते, मग संध्याकाळची वेळ कमी होते आणि अखेर ‘वाचक येत नाहीत’ असा शेरा मारून कुलूप लावले जाते. आमच्या गावच्या वाचनालयात मात्र स्पर्धा परीक्षेची मुले जागा धरायला दार उघडण्यापूर्वीच पायरीवर बसलेली असतात, आणि दिवाळी अंकांसाठी ज्येष्ठांची यादी संक्रांतीपर्यंत संपत नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. पण तमिळनाडू आणि कर्नाटकाप्रमाणे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर घेण्याची तरतूद त्यात नसल्याने आपली ग्रंथालये शासकीय अनुदानावर आणि स्थानिक कारभाऱ्यांच्या मर्जीवर तगून आहेत. ‘ड’ वर्गातील, म्हणजे अनुदानाच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील, ग्रंथालयाच्या ग्रंथपालाच्या हाती पडणारी रक्कम तर मानधन म्हणायलाही संकोच वाटावा इतकी असते.

शासनाने उपकराचा विचार करावा. तोवर निदान कोणतेही वाचनालय बंद करण्यापूर्वी नगरपालिकेने वर्षभराची देवघेव नोंदवही सभागृहात मांडून सभासदांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

— एक सभासद