बंधाऱ्याचे श्रमदान ऑक्टोबरमध्ये हवे

महोदय,

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे बऱ्याच महाविद्यालयांत डिसेंबर-जानेवारीत होतात. वनराई बंधाऱ्यासाठी, म्हणजे वाळू-माती भरलेल्या पोत्यांच्या ओढ्यावरील तात्पुरत्या बांधासाठी, तोवर उशीर झालेला असतो. परतीचा पाऊस थांबला, की ओढ्याची धार लगेच अडवायला हवी. योजनेत वर्षाला १२० तास सेवेचे असतात. त्यातले दोन रविवार विद्यापीठांनी ऑक्टोबरमध्येच द्यावेत, म्हणजे ते पाणी रब्बीला आणि गुरांना खरोखर मिळेल.

मुले मेहनतीला कमी पडत नाहीत, कमी पडते ती माहिती. बंधारा बहुधा मधून नव्हे, कडेने फुटतो. पोती दोन्ही काठांत हातभर खोदून घुसवली नाहीत, तर पाणी बाजूने वाट काढते आणि काठही खचतो. मधला भाग वीतभर खाली ठेवावा, जादा पाणी तिथूनच जाईल. तळाची सुटी वाळू आधी काढावी. सिमेंटची रिकामी पोती पाऊणच भरून सुतळीने शिवावीत. गच्च भरलेली पोती नीट बसत नाहीत, फटी राहतात. थर विटांसारखे सांधे चुकवून द्यावेत. नुसत्या वाळूतून पाणी झिरपते, म्हणून मध्ये चिकणमाती हवीच. उंची मीटरभर पुरे.

मे महिन्यात पोती कोण काढणार, हेही ग्रामपंचायतीशी आधीच ठरवावे. तेव्हा विद्यार्थी परीक्षेत असतात, त्यामुळे हे काम गावातल्या तरुण मंडळाकडेच द्यावे. उन्हाने प्लास्टिकच्या पोत्यांच्या चिंध्या होतात आणि पहिल्या पुरात त्या नदीत जातात.

– जलसंधारण कार्यकर्ते