बुधवारची गोळी

गुहागर,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "आई, आजाराचं नावच नक्की नाही, मग एवढी जड गोळी घेतेस कशाला?" तेव्हा मला बोलता आलं नाही. बाबा समोर बसले होते आणि मला रडू आलं असतं. म्हणून हे पत्र. अक्षर वाकडंतिकडं आहे, समजून घे. दुपारी बोटं जरा सैल होतात तेव्हा थोडं थोडं लिहिलंय.

आधी तुझ्यापासून लपवलेलं सांगते. हे सांध्यांचं दुखणं श्रावणात नाही सुरू झालं. गेल्या वर्षी पावसात मला ताप आला होता ना, त्यानंतरच सांधे धरले. थंडीत बरं वाटलं म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. वैशाखात रातांबे फोडताना पुन्हा मनगटं ठणकायला लागली. आणि श्रावणातल्या सोमवारी डाळिंब्या सोलायला बसले तर चिमूटच मिटेना. कोमट पाण्यातला वाल अंगठ्याने नुसता दाबला की दाणा टपकन सुटतो, लहानपणी तू पाटावर बसून पैजा लावायचीस. त्या दिवशी वाटीभर सोलायला मला पाऊण तास लागला. उरलेले शेजारी देऊन टाकले. बोटांचे पेर इतके सुजले होते की साबण लावूनही पाटल्या निघेनात, सोनाराकडे जाऊन कापून घेतल्या. तुला सांगितलं, घासल्यात म्हणून काढून ठेवल्या. खोटं बोलले गं.

मधे एक चूक झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून एका ठिकाणाहून वातावरच्या पुड्या आणल्या. दोन दिवसांत हात मोकळे! देवच पावला असं वाटलं. महिन्याभरात चेहरा सुजला. चिपळूणच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, यात स्टेरॉइड असणार. एकदम बंद करू नका म्हणाले, हळूहळू उतरवलं. त्या पुड्यांनी सूज दाबली गेली आणि खरं काय चाललंय ते दिसेनासं झालं. याचा मला अजून राग येतो, सगळ्यात जास्त माझाच.

आता नावाचं. आमवातासाठी रक्ताच्या दोन तपासण्या करतात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, त्या दोन्ही निगेटिव्ह. अंगातली सूज दाखवणारा ईएसआर वाढलेला, एक्स-रेत हाडं स्वच्छ. रक्तात जुन्या चिकुनगुनियाच्या खुणा सापडल्या. डॉक्टर म्हणाले, चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे असेच धरू शकतात, अगदी आमवातासारखे. आणि आमवात असूनही दोन्ही रक्ततपासण्या निगेटिव्ह येणारे रुग्ण असतात. त्यांनी मला कागदावर मांडून दाखवलं. 2010 साली अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून गुणांची एक पद्धत ठरवली आहे, दहापैकी सहा झाले की र्‍हुमॅटॉइड, म्हणजे आमवात, म्हणायचं. लहान सांधे सुजलेत त्याचे माझे तीन, सहा आठवड्यांच्या वर चाललंय त्याचा एक, ईएसआरचा एक. पाच. एका गुणाने नाव अडलंय. पण ते असंही म्हणाले की ही पद्धत मुळात संशोधनासाठी आहे, समोरच्या माणसाचे हात बघून ठरवायचं काम डॉक्टरचंच.

मग गोळी कशाला? हेच मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, हा र्‍हुमॅटॉइडच असेल तर सांध्यांचं नुकसान पहिल्या दोन वर्षांतच फार होतं, आणि झिजलेलं हाड परत भरून येत नाही. नाव पक्कं होईपर्यंत हातावर हात ठेवून बसलो तर नाव मिळेल आणि हात जातील.

हे ऐकताना मला तुझ्या आजीचे हात दिसत होते. आठवतात तुला? सगळी बोटं करंगळीकडे कललेली, वाऱ्यात माडाच्या झावळ्या एका बाजूला जाव्यात तशी. सगळे म्हणायचे वात आहे, वय झालं. सुरुवात झाली तेव्हा त्या 48 वर्षांच्या होत्या. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायच्या, आणि आम्ही त्यांना कधी एकदाही नीट तपासायला नेलं नाही.

म्हणून मी मेथोट्रेक्सेट घेते. आठवड्यातून एकदाच, बुधवारी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून कालनिर्णयवर बुधवारांना लाल गोल केलेत आणि पाकीट बाबांकडे असतं. शुक्रवारी फॉलिक ॲसिड. लिव्हरची आणि रक्तातल्या पेशींची तपासणी ठरल्या वेळी होते, एकही चुकवलेली नाही. गुरुवारी मळमळतं, तेवढा दिवस पेज खाते. गणपती झाल्यापासून घेतेय. पूर्वी उठल्यावर दीड तास मूठ वळत नव्हती, आता घड्याळ लावून बघते, चाळीस मिनिटं. हा गोळीचा गुण की चिकुनगुनिया आपणहून ओसरतोय, ते डॉक्टरही आज सांगत नाहीत.

पुण्याला कायमची मी येणार नाही, मनू. शिंपणं सुरू झालंय, सुपारी उतरायची आहे, बाबा एकटे आगर सांभाळू शकणार नाहीत. पाट वळवायला आता गडी ठेवलाय, मी बांधावर उभी राहून सांगते. पण तुझं एक ऐकते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय ना, फाईल घेऊन चार दिवस येते. पौषात पुन्हा एक्स-रे आहे, तो झाल्यावर.

एक विचारायचं राहिलं. तू आजीची नात आणि माझी लेक. आमवात घराण्यात असेल तर थोडा धोका वाढतो म्हणतात. सकाळी तुझी बोटं कधी तासभर आखडून राहतात का? राहिली तर लपवू नकोस, मी लपवलं तसं. मीही यापुढे वाईट दिवस वाईट म्हणूनच सांगेन, कबूल.

येत्या सुट्टीत आलीस की वाल भिजत घालते. सोलायचे मात्र तू. बाबा म्हणतायत, येताना तो बरण्यांची झाकणं उघडायचा रबर आण, इथे मिळत नाही.

तुझी,
आई