मेडिकलवाल्या काकांना, पाकिटावरच्या तीन ओळींसाठी

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण उदगीरमधे आमच्या चौकातल्या मेडिकलवर जाणारं कोणीबी हे वाचून लगेच ओळखेल. तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळता, म्हणून मग लिहूनच काढायलेय.

एप्रिल महिना होता, रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, तुम्ही शटर अर्धं खाली ओढलं होतं. मी लेकराचा हात धरून आले आणि हळूच विचारलं की आठ वर्षाच्या पोराला बसतील असे मोठे डायपर असतात का. तुम्ही नाहीत म्हणून मोकळे झाला असता तरी मी काही बोलले नसते. पण तुम्ही आधी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि विचारलं, "ताई, रात्रीची ती नवी गोळी चालू करून किती दिवस झाले?"

कोणीच विचारलं नव्हतं हो हे. घरात सगळे विचारत होते की ह्याला झालंय काय, कोणाची नजर लागली का, सासूबाई रोज सकाळी तीळ-गूळ चारत होत्या. पण गोळीची तारीख आणि ओल्या गादीची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघावी हे मला, त्याच्या आईला, सुचलं नव्हतं.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. पोराला एडीएचडी आहे, म्हणजे एका जागी बसवत नाही, लक्ष टिकत नाही. सकाळची गोळी आधीपासून चालू होती, त्यानं शाळेत बसायला लागला, वही पूर्ण व्हायला लागली, पण संध्याकाळ झाली की उधळायचा आणि रात्री बारा बारा वाजेपर्यंत झोप नाही. म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी रात्रीसाठी क्लोनिडीन दिलं. झोप तर अशी लागली की मी पहिल्या रात्री देवाला हात जोडले. आणि दहा-बारा दिवसांनी अंथरूण ओलं. चार वर्षाचा असल्यापासून जो कधी ओला उठला नाही त्याचं आठवड्यात चार-पाच वेळा व्हायला लागलं.

त्यात उन्हाळा. आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, मधे टँकर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला जिल्हा हा, इथं बादलीभर पाण्याचा हिशोब बाईमाणसाच्या डोक्यात चोवीस तास चालू असतो. आणि वाकळ धुवायची म्हणजे एका बादलीत काय होतंय. तिसऱ्या का चौथ्या दिवशी पहाटे मी त्याला मारलं काका. मुद्दाम करायलाय म्हणून मारलं. तो रडला पण नाही, नुसता म्हणला, "आई मी करत नाही, ते आपोआप होतंय." दुसऱ्या दिवशी पलंगाखाली झाडू घातला तर कॅरीबॅगमधे गाठ मारून ठेवलेली ओली चड्डी आणि उशीचा अभ्रा निघाला, वास सुटलेला. आणि पोरानं शाळेत पाणी प्यायचंच सोडलं होतं, एवढ्या उन्हात बाटली भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची, मला वाटायचं गडबडीत विसरतो.

तर त्या रात्री तुम्हाला एवढं सगळं नाही सांगितलं, दोनच वाक्यं सांगितली आणि म्हणले की आजपासून ही गोळी मी त्याला देणार नाही, पाकीट नालीत टाकणार. तुम्ही हातातलं काम खाली ठेवलं. "तेवढं करू नका. ही मुळात बीपीची गोळी आहे. रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली की बीपी उसळी मारतं. कमी करायची तर डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू." अंथरूण ओलं होणं हे तिच्या दुष्परिणामात धरलेलं आहे हे पण तुम्हीच सांगितलं, आणि लगेच म्हणले की मी डॉक्टर नाही, कारण दुसरंबी असू शकतं, तपासणी झाल्याशिवाय ठरवायचं नाही.

मग तुम्ही काउंटरवरून वाकून पोराला म्हणला, "पैलवान, हे तुझं काम नाही बरं का, हे गोळीचं काम असंल. तू कशाला मान खाली घालतोस?"

काका, तो वर बघितला. महिनाभरात पहिल्यांदा बाहेरच्या माणसाच्या डोळ्यात बघितलं त्यानं. घरी जाताना गाडीवर मागं बसून दोनदा म्हणला, "आई, काका म्हणले ते गोळीचं काम आहे." मला गाडी चालवता येईना, रडूच येत होतं, पिठाच्या गिरणीपाशी थांबवली थोडा वेळ.

डायपर नव्हतेच तुमच्याकडं, तुम्ही मीटरभर मेणकापड कापून दिलं आणि गोळ्यांच्या खाकी पाकिटावर तीन ओळी लिहून दिल्या. गोळी मनानं बंद करायची नाही. सकाळी डॉक्टरला फोन. कोणत्या रात्री ओलं, कॅलेंडरवर खूण. ते पाकीट अजून देवघराच्या ड्रॉवरमधे आहे.

डॉक्टरांनी लातूरला बोलावलं. पहिला प्रश्न, मधे किती महिने कोरडा होता? सहा महिन्याच्या वर कोरडं राहून परत सुरू झालं की कारण शोधायचंच म्हणले. लघवी तपासली, इन्फेक्शन नाही ना आणि साखर नाही ना ते बघितलं, कारण लहान लेकरात शुगर सुरू होताना पण असं होतं, हे ऐकून माझे हातपाय गार पडले होते, रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा कुठं श्वास घेतला. मग पोट दाबून बघितलं तर आत शी साचून खडे झालेले. सकाळच्या गोळीनं भूक मेलेली, दुपारचा डबा तसाच, त्यात रात्रीच्या गोळीनं पण पोट कडक होऊ शकतं, आणि हा पाणी पीत नाही. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं आणि त्यात गोळीची झोप एवढी गाढ की लघवी लागल्याचं कळून लेकरू उठतच नाही. एका गोळीवर सगळं ढकलून मी ती फेकून दिली असती तर हे पोटाचं कधी कळलंच नसतं.

त्यांनी क्लोनिडीन टप्प्याटप्प्यानं कमी केलं, मधे बीपी बघितलं. पोट साफ व्हायचं औषध दिलं. पाणी तोडायचं नाही, उलट दिवसा भरपूर, फक्त झोपायच्या आधी दोन तास थोडं थोडं. संध्याकाळचा चहा बंद (आमच्याकडं लेकरं पण बशीत चहा-खारी खातात, कोणाला त्यात काही वाटत नाही, पण चहानं लघवी वाढते). झोपताना एकदा, पाच-दहा मिनिटांनी परत एकदा लघवीला. आणि मारायचं नाही, सगळ्यांसमोर विषय काढायचा नाही. हे शेवटचं डॉक्टरांनी माझ्याकडं बघून सांगितलं.

कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी तो स्वतः पेनानं टिंब काढायचा. मेमधे टिंबंच टिंबं. जूनच्या शेवटी आठवड्याला एक. ऑगस्टच्या पानावर दोनच. एकदम जादू झाली असं नाही, नोव्हेंबरमधे ताप आला तेव्हा परत एकदा झालं, पण त्यानं स्वतः चादर बादलीत टाकली आणि मला उठवून सांगितलं. कॅरीबॅग नाही लपवली. झोपेचं अजून पूर्ण जमलेलं नाही, साडेदहा-अकरा होतात, रात्रीचा मोबाईल बंद करणं आणि रोज एकाच वेळेला अंथरुणावर जाणं ह्यावर चालू आहे आमचं. एडीएचडी आहेच, ते राहणार. पण दिवाळीत मामाच्या गावी चार रात्री एकटा राहून आला काका, मामाच्या पोरांच्या मधे झोपला, एकाच वाकळंत.

दुसऱ्या एखाद्या आईला पण अशीच शरम वाटत असंल, कुणाला विचारावं कळत नसंल, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं.

आता येळवस, म्हणजे शेतात जेवायची वेळा अमावस्या, पंधरा दिवसांवर आलीय. तुम्ही दरवर्षी दुकान बंद करता येत नाही म्हणता, यंदा तसं म्हणू नका, काकूंना घेऊन आमच्या शेतात या. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील सगळं असंल, कोप, म्हणजे कडब्याची खोपी, करायला पोरगं आत्तापासून कडबा मोजायलंय. त्यानं सांगितलंय की काकाला बोलवायला मीच जाणार, तर सकाळी नऊला दुकानावर येईल तो.

तुमची,
चौकातल्या पैलवानाची आई