रामकुंडावरचं दुःख रीलसाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या रामकुंडावर दशक्रियेला आलेल्या माणसांचं परस्पर चित्रीकरण होतं आणि ते समाजमाध्यमांवर फिरतं. हे थांबलं पाहिजे, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याची गर्दी लोटण्याआधी थांबलं पाहिजे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी निफाड तालुक्यातली अंगणवाडी सेविका. घरची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणी चालू असताना माझे मालक गेले. दशक्रियेला आम्ही पंचवटीत आलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना ठाऊक आहे, त्या वेळी माणसं काय काय बोलून जातात. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते शोधत एकेक जण पुढे होतो. थोरल्या दिरांनी हात जोडले आणि म्हणाले, "सोसायटीचं कर्ज मी फेडीन, पोरीचं शिक्षण थांबू देणार नाही, तू निर्धास्त जा." सासूबाई लेकाला हाका मारत होत्या. वरच्या पायरीवरून एक तरुण हे सगळं मोबाइलवर टिपत होता, याकडे आमच्यातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. ते असायला तरी कसं हवं होतं?

तेराव्याच्या आधीच ते रील भाच्याच्या मोबाइलवर आलं. मागे बासरी, वर मोठ्या अक्षरांत 'कावळा का शिवत नव्हता?' आणि दिरांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येणारं. मग भेटायला आलेली माणसं सासूबाईंजवळ टेकण्याआधी कर्जाचा आकडा विचारू लागली. मुलीला कॉलेजात विचारलं गेलं. दिरांनी शब्द दिला होता तो आपल्या भावाला. आता दीर तो शब्द पाळतात की नाही, याची चौकशी तालुकाभर होते. चेहरे दिसले याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त लागतं ते हे, की घरातल्या घरात राहायची गोष्ट आमच्या हातून कुणीतरी काढून घेतली.

भाच्याने त्या खात्यावर निरोप पाठवला. उत्तर आलं, "पब्लिक प्लेस आहे, लोकांना आवडलंय." मग मी स्वतः फोनवर बोलले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "त्यात माझ्या घरच्या पैशाची गोष्ट आहे आणि माझ्या सासूचं रडणं आहे. मी नको म्हणते, ते काढ." त्याने काढलं, हे त्याच्या बाजूने नोंदवते. पण तोवर इतरांनी उचलून त्यावर वेगवेगळी गाणी लावली होती. अ‍ॅपवर तक्रार केली, तर यात नियमभंग नाही असं ठरीव उत्तर मिळालं. पोलीस ठाण्यात शांतपणे ऐकून घेतलं, मात्र नेमकं कलम कोणतं लावायचं हा प्रश्न त्यांनाही पडला.

तो प्रश्न खराच आहे. माझी मुलगी कायद्याचं शिकते, तिने मला वाचून दाखवलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई ही दोन्ही मुख्यतः शरीराच्या खासगी भागांचं आणि खासगी क्षणांचं चोरून केलेलं चित्रीकरण याबद्दल आहेत. घाटावर ओलेत्याने कपडे बदलणाऱ्या बाईला त्यांचा आधार मिळू शकतो. उघड्यावर रडणाऱ्या म्हातारीला मिळत नाही. पण 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यावरून तो हक्क संपत नाही, असंही त्या निकालात म्हटलं आहे. तेव्हा 'पब्लिक प्लेस आहे' म्हणणाऱ्याचं म्हणणं तिथेच खोडलं गेलेलं आहे. दशक्रिया आम्ही उघड्यावर करतो, कारण ती नदीकाठी करायची असते. रामाने दशरथाचं श्राद्ध इथेच केलं अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक लांबून अस्थी घेऊन येतात. बघणाऱ्यांसाठी कुणी येत नाही.

माझ्या कामातही चेहरे टिपावे लागतात. घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर आईचा चेहरा पडताळावा लागतो. सरकारी काम असूनही मी आधी सांगते, ती पदर सारखा करते, लेकराचं नाक पुसते, मग मी मोबाइल वर करते. याला जेमतेम मिनिट लागतं. एवढं करायला कुठल्या रीलवाल्याला वेळ नसतो, हे मला पटत नाही.

2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची मुख्य, म्हणजे अमृतस्नानं आहेत. प्रयागराजला 2025 च्या कुंभात काय झालं ते आपण पाहिलं. स्नान करणाऱ्या बायकांच्या चित्रफिती टाकणाऱ्या खात्यांवर तिथल्या पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. माळा विकायला आलेल्या एका मुलीमागे मोबाइल घेऊन इतकी झुंबड उडाली, की तिला धंदा सोडून घरी परतावं लागलं. नाशिकला हे माहीत असताना रस्ते, पूल, पार्किंग याबरोबर याचंही नियोजन हवं. दशक्रिया आणि अस्थिविसर्जन चालतं तेवढ्या भागात चित्रीकरणबंदीचे फलक आणि तिथे थांबून टोकणारा माणूस, एवढी माझी मागणी आहे. त्या कुटुंबालाच स्वतःसाठी फोटो हवा असेल तर त्याला हरकत नसावी. पुरोहित मंडळींनाही विनंती, की विधी सुरू करताना भोवतालच्या लोकांना मोबाइल खाली ठेवायला सांगावं. गुरुजींचं लोक ऐकतात.

कुणावर अशी वेळ आली तर आधी खात्याचं नाव, दुवा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, मग काढायला सांगावं. काढल्यानंतर पुरावा उरत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. आणि आमची ती चित्रफीत ज्यांच्याकडे कुठल्याही गाण्यासह असेल, त्यांनी ती पुसावी, पुढे पाठवू नये.

आपली,
एक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक
(कृपया नाव छापू नये.)