प्रशिक्षण हवे, पण शाळा वाऱ्यावर नको

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळायला हवेत. तास भरतात, त्यात कसूर नाही. पण दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतला एक जण प्रशिक्षणाला गेला, की पहिली ते चौथी दुसऱ्याच्या गळ्यात. त्यात व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘माहिती आजच सादर करा’ हा निरोप ठरलेला! तिकडे प्रशिक्षणात पीपीटी वाचून दाखवायची, दुपारी ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपची लिंक, शेवटी हजेरीची सही आणि फोटो. एकाच खोलीत पहिलीला वाचन आणि चौथीला भागाकार एकाच वेळी कसा शिकवायचा, हा आमचा रोजचा प्रश्न मात्र विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एखाद्या शिक्षिकेने प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवला, तर त्यातले काहीतरी दुसऱ्याच दिवशी वर्गात वापरता येते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी असे पाठ वाढवावेत, वर्षाचे वेळापत्रक जूनमध्येच जाहीर करावे आणि दोनशिक्षकी शाळांना त्या दिवसांपुरता बदली शिक्षक द्यावा.

– एक प्राथमिक शिक्षिका